दादाची झोप, कौसावैनीची जाग

फोन दुपारी आला. मी परभणीच्या घरी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. पलीकडून माझा भाचा मिलिंद बोलत होता. "आत्या, माय गेली," एवढंच म्हणाला. मागून कुणाचा तरी आवाज येत होता, "आधी आबाला बसवा, आबाला खुर्ची द्या..." आबा म्हणजे माझा थोरला भाऊ, किसनदादा. माय म्हणजे त्याची बायको, माझी कौसावैनी. आठ दिवस ती हिंगोलीच्या दवाखान्यात होती, छातीत कफ झाला होता, पण आदल्याच दिवशी तिनं माझ्याशी फोनवर चांगली दहा मिनिटं गप्पा मारल्या होत्या. "दवाखान्यातली भाजी लई पाणचट हाय, शांते," ही तिची शेवटची तक्रार. मेथीची जुडी तशीच टाकून मी उठले. हिंगोलीची गाडी धरली आणि तिथून पुढं कनेरगाव नाक्याला पोचले तेव्हा अंगणात गाव जमलं होतं.

याला आज पाच आठवडे झाले. वैनीचं नाव कधी पेपरात छापून आलं नाही. रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर ते कुठं लिहिलेलंही नसेल. म्हणून मीच लिहायला बसले. एके काळी मी तिला न विचारता एक पत्र लिहिलं होतं, आणि त्यातलं अक्षर न् अक्षर चुकीचं होतं. त्याची भरपाई म्हणूनही हे लिहिते आहे, असं समजा.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. तेव्हा आमचं हिंगोली परभणी जिल्ह्यातच होतं. मी औरंगाबादला कॉलेजात शिकत होते, वसतिगृहात राहत होते. आमच्या बौद्धवाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. माझ्या शिक्षणाला पैसे दादा पाठवायचा. दादा रोलर चालवायचा, रस्ता दाबायचा तो, पुढं भलंमोठं लोखंडी चाक असलेला. एका गुत्तेदाराकडं, म्हणजे कंत्राटदाराकडं, क्लीनर म्हणून लागला होता, बघून बघून ड्रायव्हर झाला. दुष्काळी कामं निघाली तसं त्याचं काम वाढलं. कनेरगावच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललं होतं आणि वैनी त्याच कामावर खडी फोडायला जायची. सगळ्या जातींच्या बाया एका रांगेत बसून खडी फोडायच्या. घागरी मात्र वेगवेगळ्या असायच्या.

दादाला झोप फार. ही झोप त्याला कधी लागली हे कुणी नीट सांगू शकलं नसतं, पण दोनेक वर्षांत ती एवढी वाढली की जेवता जेवता त्याच्या हातातला घास ताटात पडायचा. पारावर बोलत बसला की बोलता बोलताच मान छातीवर. आवाजही बदलला होता. गरम भाकरीचा घास तोंडात धरून बोलावं, तसा. "घशात काहीतरी अडकल्यावानी वाटते," असं एकदा म्हणाला होता, पण म्हणालेलं त्याच्याही लक्षात राहिलं नाही. घोरणं तर असं की शेजारचे लोक सकाळी हसून विचारायचे, "किसन, रात्री पण रोलर चालवला व्हय?" गावाला ती गंमत होती. एकदा रोलरवरच त्याचा डोळा लागला आणि रोलर रस्ता सोडून कडेला गेला. तिथं मुकादमाची सायकल उभी होती, तिची पोळी झाली. पुढचे कित्येक दिवस लोक आपापल्या सायकली दाखवून दादाला म्हणायचे, "हिच्यावर नजर न्हाई ना तुझी?" दादाही हसायचा.

दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. मी तिथं नव्हते, पण वैनीकडून आणि इतरांकडूनही इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. दुपारची सुट्टी झाली होती. बाया भाकरी खाऊन रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली आडव्या झाल्या होत्या. बाभळीला झोळी बांधलेली, झोळीत एका बाईचं पाच महिन्यांचं लेकरू. दादाला तेवढा तुकडा दाबून संपवायचा होता, म्हणून तो रोलरवरच होता. वैनी टँकरवरून घागर भरून येत होती. तिला रोलरचा आवाज नेहमीसारखाच आला, पण चाक तिरपं चाललंय असं वाटलं. तिनं वर पाहिलं तर दादाची मान खाली. रोलर बाभळीकडं निघालेला. माणसाच्या चालीनं, काही घाई नसल्यासारखा. तिनं हाका मारल्या, पण इंजिनाच्या धडधडीत कुणाला ऐकू जाणार? ती डोक्यावरची घागर घेऊनच पळाली. रोलरच्या पायरीवर चढली. कोणता दांडा ओढायचा हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं सगळी घागर दादाच्या डोक्यावर पालथी केली. दादा दचकून जागा झाला, दांडा ओढला. चाक थांबलं तेव्हा झोळी पाच-सहा हातांवर होती. लेकरू झोपेतच होतं.

मग गलका झाला. मुकादम आला, गुत्तेदाराचा माणूस आला. "दारू पिऊन गाडी चालवतो! या लोकांना कामावर घेऊच नये," असं मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला. दादा ओल्या अंगानं खाली मान घालून उभा. वैनी पुढं झाली. म्हणाली, "हुंगा. याचं तोंड हुंगा. दारूचा वास आला तर मला बी कामावरून काढा." कुणी हललं नाही. मुकादम इकडंतिकडं बघायला लागला. दादाच्या तोंडाजवळ नाक न्यायचं म्हणजे काय, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं... तेवढ्यात त्या झोळीतल्या लेकराची आजी उठली. गावातल्या पाटलाच्या भावकीतली म्हातारी, दुष्काळानं खडीवर आणलेली. ती पदर सावरत आली, दादाच्या पुढ्यात उभी राहिली, म्हणाली, "आ कर." आणि टाचा उंचावून तिनं खरंच त्याचं तोंड हुंगलं. "दारू न्हाई," म्हातारी म्हणाली, "पोराला काहीतरी रोग हाय." आणि वैनीकडं वळून म्हणाली, "बाई, याला दवाखान्यात ने. आज माझं नातवंड वाचलं, रोज तू कुठवर धावशील?"

दादाचं काम मात्र गेलंच. आणि माझ्यापर्यंत बातमी पोचली ती मुकादमाच्या तोंडची. गावचा एकजण औरंगाबादला आला होता, त्यानं सांगितलं, किसन दारू पिऊन रोलर चालवत होता, बाया चिरडता चिरडता वाचल्या. मी एकोणीस वर्षांची होते, चार पुस्तकं वाचलेली. त्याच दिवशी दादाला पत्र लिहिलं. आपल्या समाजानं व्यसन सोडायचं असतं, तू मला मान खाली घालायला लावलीस, असं बरंच काही. ज्याच्या पैशावर कागद-शाई विकत घेतली होती, त्यालाच. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी वसतिगृहाच्या फाटकावर निरोप आला की गावाकडची माणसं आलीत. जाऊन पाहते तर वैनी भाकरीचं गठुडं घेऊन उभी आणि दादा फाटकाच्या दगडी खांबाला टेकून गाढ झोपलेला.

"तुझं पत्र पोस्टमनकडून वाचून घेतलं मी," वैनी म्हणाली. "तुझ्या दादाला दाखवलं न्हाई. तुझा दादा दारू पीत न्हाई, शांते. रात्री त्याचा दम बंद पडून राहतो. हिंगोलीच्या डॉक्टरला सांगितलं तर तो हसला. म्हणे, झोप येते हे तर नशीब, आमाला येत न्हाई. शक्तीची सुई देऊन मोकळा झाला. आता तू शिकलेली हायस. इथल्या मोठ्या डॉक्टरला तू बोल." मी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गालफडं बसलेली. दादा झोपेचा आजारी होता, पण न झोपलेलं माणूस ती होती. दोन वर्षं ती रात्रीची बसून राहायची. दादाचा श्वास थांबला की त्याला हलवायची, कुशीवर वळवायची. ज्वारीच्या पोत्याला टेकवून बसवलं तर श्वास कमी अडकतो, हेही तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. आणि सकाळी खडी फोडायला जायची.

सरकारी दवाखान्यात दोन दिवस या खोलीतून त्या खोलीत फिरलो. एकानं रक्त तपासलं, एकानं जेवण कमी करायला सांगितलं. दुष्काळात! तिसऱ्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढं बसलो. पन्नाशीचे असतील, कपाळावर गोल आरसा बांधलेला, बोलणं हिंदी-मराठी मिसळलेलं. त्यांनी विचारलं, "क्या तकलीफ है?" दादा म्हणाला, "काही न्हाई साहेब, झोप येते." मी माझ्या कॉलेजातल्या भाषेत काहीतरी सांगायला लागले तेवढ्यात वैनीनं माझा दंड धरून मला मागं सारलं. "साहेब, मी करून दावते," म्हणाली. आणि त्या भरल्या खोलीत, वीसेक रोग्यांसमोर, डोक्यावरचा पदर नीट करून तिनं दादाचं घोरणं करून दाखवलं. आधी घरघर, मग मोठी घरघर, मग एकदम गप्प. छाती वरखाली होतेय, पण वारा नाही... आणि मग बुडणारा माणूस वर येऊन घेतो तसा हिसका देऊन घेतलेला श्वास. लोक हसले. एक नर्सही तोंडावर हात ठेवून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती वेळ बंद राहतो दम?" वैनीला घड्याळ कळत नव्हतं. ती म्हणाली, "दम थांबला की मी मनात त्रिसरणाच्या पहिल्या तीन ओळी म्हणते. दोनदा म्हणून होते, तवा दम येते. एखाद्या वेळी तीनदा." डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. "म्हणा." वैनीनं डोळे मिटले, हात जोडले आणि दोनदा तेवढंच म्हटलं. घाई न करता, घरी म्हणायची तसंच. डॉक्टरांनी घड्याळाकडं पाहिलं, मग दादाकडं. "पंचवीस सेकंद," ते माझ्याकडं बघून हळू म्हणाले. "या माणसाचा गळा रोज रात्री कुणीतरी आवळतंय, असं समज."

मग त्यांनी एका फडक्यात दादाच्या जिभेचं टोक धरून ती बाहेर ओढली, लांब दांडीचा इवलासा आरसा दिव्यावर गरम करून घशात घातला आणि बराच वेळ पाहत राहिले. जिभेच्या मुळाशी, पार मागं, एक गाठ होती. बोरापेक्षा मोठी, लिंबापेक्षा लहान. केसपेपरच्या पाठीमागं त्यांनी मला चित्र काढून दाखवलं. जागेपणी जीभ पुढं असते, म्हणून वारा जायला वाट राहते. माणूस झोपला की जीभ सैल होऊन मागं सरते आणि ती गाठ श्वासाच्या नळीवर झाकणासारखी बसते. दम कोंडतो, जीव अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, पुन्हा कोंडतो. रात्रभर तेच. खरी झोप लागतच नाही, म्हणून दिवसा ती शोधत येते. "गाठ काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "पण याला भूल दिली तर तिथंच दम बंद होईल. म्हणून आधी, जागेपणीच, गळ्यापुरती बधिर करायची सुई देऊन गळ्याला खालून भोक पाडायचं, नळी बसवायची. तिच्यातून श्वास चालू राहिला की मग जिभेकडं बघायचं." आज याला मोठमोठी नावं आहेत, यंत्रं आहेत. तेव्हा डॉक्टर स्वतःच म्हणाले की मी असा पेशंट याआधी एकच पाहिलाय. त्या आधीच्या पेशंटचं काय झालं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

हे सगळं मी दादाला सोपं करून सांगितलं. तो "व्हय, व्हय" म्हणाला आणि पाणी पिऊन येतो म्हणून जो गेला तो आलाच नाही. दवाखाना पालथा घातला. शेवटी वैनी म्हणाली, "टेसनावर चल." आणि खरंच, दादा औरंगाबाद स्टेशनच्या बाकावर होता. गावाकडं पळून निघाला होता बिचारा, पण गाडी यायच्या आत झोपेनं गाठलं. गाडी त्याच्यासमोरून निघून गेली होती. मी त्याला हलवायला गेले तर वैनीनं अडवलं. त्याच्या शेजारी बसली, त्याची मान आपल्या खांद्यावर सरळ धरली आणि तो जागा होईपर्यंत तशीच बसून राहिली.

जागा झाल्यावर दादा आमच्याकडं बघेना. "गळा कापून घ्यायचा म्हणता," तो म्हणाला, "जिभेला काही झालं, मुका झालो तर?"

"तर मी बोलीन," वैनी म्हणाली. "आतापर्यंत बी मीच बोलून राहिले."

दादा हसला नाही. म्हणाला, "अन् मेलो तर?"

वैनी रुळांकडं बघत राहिली. "तुमी रोज रातच्याला दहा बारी मरता," ती म्हणाली. "मी बघते ना. तुमाला ठाव न्हाई, मला ठाव हाय. अन् ते झोळीतलं लेकरू... त्या दिशी माझ्या डोक्यावर घागर होती. रोज रोज घागर कुठून आणू?" आणि मग तिला रडू फुटलं. दोन वर्षांत तिला रडताना मी पाहिलं नव्हतं, दादानंही नसावं. तो उठला. धोतर झटकलं. "चला," म्हणाला.

संमतीच्या कागदावर वैनीचा अंगठा घेतला. अंगठा उमटवण्याआधी तिनं मला तो कागद दोनदा वाचायला लावला, "जिवास धोका" या शब्दांवर बोट ठेवून विचारलं, "हे इथं लिहिलंय का?" मी हो म्हटलं. तिनं त्या शब्दांवरून बोट काढलं आणि खाली अंगठा उमटवला.

ऑपरेशनला सकाळ गेली. दुपारी दादाला वॉर्डात आणलं. गळ्यात धातूची नळी, तोंडाला सूज, डोळे मिटलेले. भेटायची वेळ होती, वॉर्डात नातलगांची गर्दी. वैनी खाटेशेजारी उभी राहून त्याच्याकडं बघत होती आणि एकदम किंचाळली, "सिस्टर! सिस्टर, याचा आवाज बंद झाला!" सगळा वॉर्ड वळला. सिस्टर धावत आली. दादा झोपला होता. आवाज न करता, लेकरासारखा. सिस्टरनं वैनीचा तळहात धरून दादाच्या गळ्यातल्या नळीसमोर नेला. वैनीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला अजून सांगता येत नाही. वारा लागला असेल तिच्या हाताला, उबदार. तिनं हात काढलाच नाही. भेटायची वेळ संपली, घंटा झाली, लोक गेले, तरी ती वाकून, हात तसाच धरून उभी होती.

दादा दोन दिवस जवळपास झोपूनच होता. आठवड्याभरानं नळी काढली, गळ्यावर पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, आता बोल. आम्ही दोघी खाटेच्या दोन्ही बाजूंना. दादानं आवंढा गिळला, तोंड वेडंवाकडं केलं. आवाज आला तो खरखरीत, पण घासाशिवायचा, त्याचा जुना. त्यानं वैनीकडं बघून म्हटलं, "आता तू झोप."

आणि वैनी झोपली. तिथंच, दोन खाटांच्या मधल्या फरशीवर, माझी शाल अंगाखाली घेऊन. सकाळी दहाला झोपली ती दिवस कलेपर्यंत. झाडूवाली बाई आली, तिनं वैनीला न उठवता तिच्या कडेकडेनं झाडून घेतलं. डॉक्टर फेरीवर आले तेही पाय जपून टाकत पुढं गेले. दादा खाटेवर उठून बसला होता. कित्येक महिन्यांनी मी त्याला भर दिवसा टक्क जागा पाहत होते.

पुढं सगळं सरळ झालं असं नाही. गुत्तेदारानं त्याला परत घेतलं नाही. वर्षभर दादा मिळेल ते काम करत होता, मग दुसऱ्या एकाकडं रोलर मिळाला आणि म्हातारपणापर्यंत त्यानं तोच चालवला. रस्त्याच्या कामावर त्याचा डोळा पुन्हा लागला नाही. घरी आल्यावर उलट वैनीचीच पंचाईत झाली. घोरणं नाही, म्हणून तिला झोप येईना. शांतता झाली की दचकून उठायची. तीन-चार महिने गेले तेव्हा कुठं रुळली. नंतर आसपासच्या गावच्या बाया तिच्याकडं यायच्या, "माझा मालक लई घोरतो, बघा बरं." वैनी त्यांना विचारायची, "नुसता घोरते, का मधात गप्प बी होते?" गप्प होतो म्हटलं की दवाखान्याची वाट दाखवायची. माझ्या त्या पत्राचं मी तिला फार वर्षांनी विचारलं. "चुलीत घातलं," ती म्हणाली, "अन् त्याच्यावर तुझ्या दादासाठी चहा केला." एवढ्यावर तो विषय संपला.

आता दादा पंच्याऐंशीचा आहे. परवा वैनीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो माझ्याजवळ येऊन बसला. "झोप यीनाच गं, शांते," म्हणाला.

वैनीची एक सवय होती, तिच्या मुलाला आणि सुनेला त्या सवयीची फार लाज वाटायची. एसटी असो, काळीपिवळी जीप असो, ती गाडीत चढण्याआधी वळसा घालून ड्रायव्हरच्या खिडकीशी जायची आणि विचारायची, "रात्री झोप झाली का रे, बाबा?" कुणी हसायचं, कुणी चिडायचं. एकदा एका जीपवाल्याचे डोळे लाल दिसले तर भाडं दिलेलं असूनही खाली उतरली आणि पुढच्या गाडीसाठी तासभर उन्हात उभी राहिली. कार्यक्रम आटोपून मी दुसऱ्या दिवशी परभणीला निघाले. नाक्यावर वाशिमकडून हिंगोलीची गाडी आली. मिलिंदनं माझी पिशवी वर ठेवली. मी पायरीवर पाय ठेवला, आणि पुन्हा खाली घेतला. गाडीच्या पुढून वळसा घालून गेले. ड्रायव्हर पोरगेलासा होता, स्टिअरिंगवर हात ठेवून वाट बघत होता.

"रात्री झोप झाली का रे, बाबा?"

त्यानं खिडकीतून खाली पाहिलं. वाटलं, हसेल.

"झाली, माय," तो म्हणाला. "चांगली झाली."

मी परत दाराशी आले आणि गाडीत चढले.